उभं राहून फ्लाय टाकायचीय, तर होडी कोणती घ्यावी?

वाचकाचं पत्र:

नमस्कार. मी मूळचा देवगडचा, गेली १९ वर्षं ह्यूस्टनजवळ केटीला राहतो. वय ४७, वजन ९२ किलो, उजवा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. दोन वर्षांपूर्वी फ्लाय फिशिंगचं, म्हणजे पिसा-धाग्यांचं हलकं खोटं आमिष (फ्लाय) जाड लाइनच्या जोरावर लांब फेकून मासे धरण्याचं वेड लागलं. घराजवळच्या तळ्यावर कास्टिंग, म्हणजे लाइन फेकणं, शिकलो, ८ नंबरचा रॉड घेतला. आता ख्रिसमस बे या टेक्ससच्या उथळ खाडीत रेडफिशच्या मागे जायचंय, जमलं तर वर्षातून एकदा लाइटहाउस लेक्सलाही. माझ्याकडे १० फूट लांब, ३० इंच रुंद असा साधा कयाक आहे. एप्रिलमध्ये त्यात उभा राहिलो, मासा दिसला, कास्ट करायला हात मागे नेला आणि थेट पाण्यात पडलो. रॉड सापडला, फोन गेला. पाणी कमरेएवढंच होतं, पण बायको म्हणते, यापुढे एकट्याने जायचं नाही. नवीन होडी घ्यायचा विचार आहे. दुकानदार पायडल मारायचा मोठा कयाक सुचवतो, मित्र म्हणतो पॅडलबोर्ड (उभं राहून वल्हवायची सपाट फळी) घे. मला वाटतं, आहे त्याच कयाकला आपल्याकडच्या होडीसारखी उलांडी, म्हणजे ती कलंडू नये म्हणून बाजूला बांधतात तो तरंगता आधार, लावावी. २,००० डॉलरच्या आत बसवायचंय. गाडी एसयूव्ही आहे, ट्रेलर नाही. काय करू?

उत्तर:

नमस्कार. तुम्ही पडलात कधी, ते आधी नीट पाहू. उभे राहिलात तेव्हा पडला नाहीत. मासा दिसला तेव्हाही नाही. हात मागे नेला तेव्हा तोल गेला. म्हणजे नुसतं उभं राहणं तुम्हाला त्या ३० इंची कयाकमध्येही जमलं होतं. दुकानात जो तो एवढंच विचारतो की यात उभं राहता येतं का, आणि विकणारा हो म्हणतो. तो खोटं बोलत नाही. शांत पाण्यात, हात सैल सोडून, अर्धा मिनिट बऱ्याच कयाकमध्ये उभं राहता येतं. पण फ्लाय टाकणाऱ्याचा नऊ फुटी रॉड हवेत हलत असतो, नजर चाळीस फुटांवरच्या सावलीवर असते, कंबर वळलेली असते, डावा हात लाइन ओढत असतो, ओढलेली वीस-तीस फूट लाइन पायाशी पडलेली असते आणि तेवढ्यात वारा होडीला नेमका त्या माशावर ढकलत असतो. त्या घटकेला होडी कशी वागते आणि पायाखाली काय काय अडकतं, यावरून ती निवडायची. पत्रातल्या तिन्ही पर्यायांना मी हीच फूटपट्टी लावणार आहे.

उभं राहण्याची धडपड कशासाठी, हे तुम्हाला ठाऊकच आहे, पण घरच्यांना सांगायला उपयोगी पडेल म्हणून लिहितो. बसल्यावर आपले डोळे पाण्यापासून जेमतेम तीन फुटांवर असतात. तिथून पाहिलं की पाण्यावर नुसती आभाळाची चकाकी दिसते. उभं राहिलं की नजर वरून पडते, पोलराइज्ड चष्म्यातून तळ दिसू लागतो, गवतातली वाळूची मोकळी बेटं दिसतात आणि त्यांच्या कडेला तांबूस पाठ दिसते. रेडफिश हा आपल्या घोळीच्याच कुळातला मासा. इंग्रजीत त्याला ड्रम म्हणतात ते तो पोटातून ढोलासारखा आवाज काढतो म्हणून. कुर्ल्या आणि कोळंबी शोधत तो फूटभर पाण्यात येतो, डोकं तळाला लावतो आणि शेपटी पाण्याबाहेर काढून हलवत राहतो. ती काळ्या ठिपक्याची शेपटी उन्हात एकदा पाहिली की माणूस पुढची दहा वर्षं पहाटे चारला उठतो. टेक्ससने १९८१ साली या माशाच्या विक्रीवर बंदी घातली, म्हणून आज तो तुम्हाआम्हाला एवढ्या उथळ पाण्यात भेटतो. दिवसाला तीन, २० ते २८ इंचांमधलेच, हा नियमही त्यासाठीच आहे. तोंडपाठ ठेवा आणि निघण्याआधी त्या वर्षीचं नियमपुस्तक एकदा उघडून बघा.

आता उलांडी. तुमच्या मनात ती का आली ते मला कळतं. देवगड-मालवणच्या अरुंद होडीला उलांडीनेच उभं धरलंय, आणि समुद्रात त्यापेक्षा साधी, शहाणी युक्ती नाही. कयाकसाठी तयार उलांड्या मिळतात. दोन आडव्या नळ्या आणि टोकाला दोन फुगीर तरंगते. होडी कलंडत नाही हे खरं. पण तिकडे त्या होडीतून जाळं टाकतात, इथे तुम्ही सैल लाइन टाकणार. ती लाइन वाऱ्याने उडून जिथे म्हणून अडकेल तिथे अडकते, आणि नळी, तरंगता, त्यांचे नट-बोल्ट या सगळ्या तिच्या आवडीच्या जागा. वल्हं मारताना हात नळीवर आपटतो. समुद्री गवत तरंगत्याला गुंडाळतं. हे सगळं सोसून उलांडी बसवायचीच असेल तर सीटच्या मागे, होडीच्या मागच्या तिसऱ्या भागात बसवा, म्हणजे समोर टाकलेली लाइन तिच्यापासून लांब राहील.

तुमच्या कयाकला मात्र मी ती लावणार नाही. कारण वेगळंच आहे. दहा फुटी साध्या कयाकची भारक्षमता साधारण २५० ते ३०० पाउंड असते. तुमचं वजन २०३ पाउंड, त्यात पाणी, डबा, रॉड, नांगर, लाइफ जॅकेट धरून आणखी ३५-४०. उभं राहायचं असेल तर लिहिलेल्या क्षमतेच्या दोन तृतीयांशापेक्षा जास्त भार टाकू नये, हा माझा नेहमीचा हिशोब. त्याने तुम्हाला किमान ३६० पाउंडांची होडी हवी. तुमची होडी आधीच खोल बसलेली असते, म्हणून मागे हात नेल्याबरोबर काठ पाण्याला टेकला. तो कयाक विकू नका, मुलांना तळ्यावर होईल.

दुकानदार म्हणतो तो पायडलचा कयाक वाईट नाही. होबी कंपनीने १९९७ मध्ये पायाने चालणारे पंख बाजारात आणले तेव्हापासून कयाकवरच्या मासेमारीचं रूपच पालटलं. खोल पाण्यात, लांब अंतरावर, गळ किंवा स्पिनिंग रॉड घेऊन जाणाऱ्याला मी तोच घ्या म्हणेन. पण तुमचं पाणी फूटभर, कधी आठ इंच. पायडलचे पंख किंवा पंखा होडीच्या खाली फूटभर तरी उतरतो. गवतात तो अडकतो, आणि वर उचलला की तुमच्याकडे उरतो एक फार जड साधा कयाक. उभं राहिल्यावर पाय पायडलवर नसतातच, म्हणजे ज्या कामासाठी पैसे मोजले ते नेमक्या वेळी बंद. आणि पायडलच्या दांड्या बरोबर तिथे, जिथे तुमची लाइन पडणार. मी एक असा कयाक तीन वर्षं वापरला. मासा साठ फुटांवर वळलेला असताना दांडीत अडकलेली लाइन सोडवत बसण्याइतकं जिवावर येणारं दुसरं काही नाही.

शिवाय वजन. या जातीतले मोठे, ३८ इंच रुंदीचे कयाक सामान न लावताही शंभर पाउंडांच्या पुढे जातात. मी माझा कयाक ट्रेलरवरून नेत असे, तरी शेवटच्या वर्षी तो महिनोन्महिने गॅरेजमध्ये पडून होता, कारण "आज दोन तास मोकळे आहेत, जाऊन येऊ" असं कधी वाटायचंच नाही. तुमच्याकडे ट्रेलर नाही आणि गुडघा कुरकुरतो. हा पर्याय मनातून काढून टाका.

पॅडलबोर्डबद्दल तुमचा मित्र अर्धा बरोबर आहे. पायाखालची जागा त्याच्याइतकी मोकळी कुठेच नसते. पडलात तर वर चढायला सगळ्यात सोपा. फुगवायचा बोर्ड गाडीच्या डिकीत मावतो. पण ख्रिसमस बेमध्ये कालवांचे खडक आहेत, आणि कालवाची धार देवगडच्या माणसाला मी काय सांगू! फुगवायचा बोर्ड तिथे नेऊ नका, कडक घ्या. दुसरं म्हणजे बोर्डवर तुमचे पाय पाण्याच्या पातळीच्या वर असतात. पाय जितके वर, तितका शरीराचा भार वर आणि तितकी डगमग. मेच्या दुपारी ताशी १५-२० मैलांचा आग्नेय वारा सुटला की बोर्डवर उभा असलेला ९२ किलोचा माणूस म्हणजे शीडच. वारा पडलेल्या पहाटे बोर्ड स्वर्ग आहे. दिवसभरासाठी, बसायला धड सीट नसताना, गुडघ्याची तक्रार असताना, पहिली होडी म्हणून मी तो देणार नाही.

मग काय? वल्ह्याने चालणारा, वर बसायचा, सपाट तळाचा कयाक घ्या. लांबी १२ फूट, रुंदी ३४ ते ३६ इंच, वजन ८० पाउंडांच्या आत, क्षमता ३६० च्या वर. दुकानात याला कधी हायब्रिड म्हणतात, म्हणजे कयाक आणि बोर्ड यांच्या मधलं काहीतरी. डायाब्लो म्हणून ऑस्टिनची कंपनी आहे, त्यांनी हे रूप टेक्ससच्या पाण्यासाठीच घडवलं. न्यूकनू कंपनीचा फ्रंटिअर तर ४१ इंच रुंद असूनही ८० पाउंडांच्या आत बसतो. अमुकच नाव घ्या असं मी म्हणणार नाही. पण पाण्याखालचा तळ पाहायला होडी उलटी करून बघा. मधोमध नाळ आणि दोन्ही कडांना पाण्यात उतरलेले दोन कणे, म्हणजे खालून इंग्रजी डब्ल्यूसारखा आकार असेल, तर कंबर वळवल्यावर होडी एका कडेवर टेकते आणि तिथेच थांबते. पूर्ण गोल तळाची होडी थांबत नाही. वापरलेली मिळाली तर जरूर घ्या. तळाला खोल चरे आणि सीटच्या खालच्या भोकांभोवती भेगा तेवढ्या तपासा. वाचलेल्या पैशातून चांगलं लाइफ जॅकेट आणि हलकं वल्हं घ्या. एवढ्या रुंद होडीला वल्हं २५० ते २६० सेंटिमीटरचं लागतं, तुमचं आत्ताचं आखूड पडेल आणि तुमची बोटं होडीच्या काठावर घासतील.

होडी आली की तिच्यावर काही लावू नका. हे मी हात जोडून सांगतो. रॉड होल्डर, फिशफाइंडर, कॅमेऱ्याची काठी, कपाची खाच, सगळं दुकानात छान दिसतं आणि सगळ्यात लाइन अडकते. सीट मागे सरकणारी किंवा काढता येणारी असावी. पायांसमोर तीन फूट जागा ताटासारखी स्वच्छ हवी. जे काही उंचवटे राहतील त्यांच्यावर जुनं बारीक जाळं ताणून चारी बाजूंनी लवचिक दोरीने बांधा. बुटांच्या नाड्या आत खोचा. नाहीतर अनवाणी उभे राहा, पायाखाली लाइन आली की तळव्याला कळतं. मात्र होडीतून उतरताना जाड तळाचे बूट घातल्याशिवाय पाय खाली टाकू नका. कालवं आहेत, पाकटं आहेत. चालताना पाय न उचलता तळावर घासत न्यायचा, पाकट आपोआप बाजूला सरकतं. आणि कालवाने कापलं तर जखम लगेच स्वच्छ धुवायची. इथल्या कोमट पाण्यात व्हिब्रिओ नावाचा जिवाणू असतो. जखम सुजली, लाल झाली, ताप आला तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, सरळ इमर्जन्सीत जायचं.

आता वाऱ्याबद्दल. आपल्याकडे खाडी म्हटलं की भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघायचं, उधाण (मोठी भरती) की भांग (छोटी भरती) ते बघायचं. इथे भरती-ओहोटीत एक-दोन फुटांचाच फरक. वाराच पाणी आत ढकलतो आणि वाराच बाहेर काढतो. त्यामुळे मासा कुठे असेल आणि तुम्ही परत कसे याल, दोन्ही वारा ठरवतो. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जा, म्हणजे थकलेले असताना येणं सोपं. मासा दिसण्याच्या जागी पोचलात की सहा-सात फुटांची फायबरची खुंटी तळात रोवायची आणि ती होडीच्या मागच्या टोकाला दोरीने बांधायची. पुढच्या टोकाला बांधलीत तर होडी वाऱ्याकडे तोंड करते आणि प्रत्येक कास्ट वाऱ्यावर मारावा लागतो. मागे बांधलीत की वारा पाठीशी आणि सगळं पाणी तुमच्या समोर पसरलेलं. हे फूट-दोन फूट उथळ पाण्यातच करा. ओढ असलेल्या खोल पाण्यात मागून बांधलेली होडी भरू शकते. उजव्या हाताने टाकत असाल तर वारा शक्यतो डाव्या खांद्यावर घ्या, गळ तुमच्यापासून लांब जातो.

लाइटहाउस लेक्सचं तर मी तुम्हाला आग्रहाने सांगीन. अरान्सस पासजवळची ही जागा, १९९९ मध्ये राज्याचा पहिला पॅडलिंग मार्ग इथेच आखला. १८५७ सालचा दीपस्तंभ समोर उभा, आणि मधे तिवरांची बेटं. तिथली काळी खारफुटी आपल्या तिवराचीच जातभाई, तशीच चिखलातून वर आलेली श्वासमुळं. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या गोठवणाऱ्या थंडीने तिथली बरीच झाडं मारली, तरी चिंचोळ्या वाटांतून होडी नेताना तुम्हाला घरची आठवण आल्याशिवाय राहायची नाही. या वाटांमध्ये लांब होडी वळवणं जड जातं, १२ फुटी घ्यायचं हेही एक कारण. आणि वल्ह्याचीच होडी घेण्याचं सरकारी कारण म्हणजे नुसत्या वल्ह्याने चालणाऱ्या कयाकची टेक्ससमध्ये नोंदणी करावी लागत नाही. छोटी इलेक्ट्रिक मोटर लावलीत की लागते.

तुमच्या पत्नी म्हणतात ते बरोबर आहे, निदान पहिलं वर्ष. कमरेएवढ्या पाण्यात पडून डोकं कालवाच्या खडकावर आपटलं तर पाणी किती होतं याला अर्थ राहत नाही. सोबतीला कोणीतरी न्या. नवीन होडीत पहिल्या दोन फेऱ्या रॉड न घेता, केटीच्याच एखाद्या तळ्यात, त्यांनाही काठावर बसवून करा. मुद्दाम पडा. आठ-दहा वेळा पडा. वर चढायची रीत अशी: होडीच्या मधोमध आडवे येऊन पोटावर चढायचं, मग वळून बसायचं, मग पाय आत घ्यायचे. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं की त्यांची अर्धी काळजी जाईल, आणि तुमचीही. तोल जातोय असं वाटलं तर काठ धरायला वाकू नका, गुडघे दुमडून खाली बसा. उठताना दुखऱ्या गुडघ्यावर जोर येऊ नये म्हणून होडीच्या पुढच्या कडीला एक जाड पट्टा बांधा आणि तो दोन्ही हातांनी ओढून उठा. लाइफ जॅकेट कायद्याने होडीत असावंच लागतं, तुम्ही ते अंगावर घाला. सीटमागे खोचलेलं जॅकेट पडल्यावर हाताला लागत नाही. शिटी गळ्यात, फोन पाणीरोधक पिशवीत आणि पिशवी अंगाला बांधलेली. कुठून पाण्यात उतरणार, कुठल्या बाजूला जाणार आणि किती वाजता फोन करणार, हे कागदावर लिहून फ्रिजवर लावून जा. ढग गडगडला की रॉड आडवा ठेवून किनारा गाठा. तो कार्बनचा नऊ फुटी दांडा तुम्ही उघड्या पाण्यावर उभा धरलेला असतो.

होडी घेण्यापूर्वी एक चाचणी करा. बरेच दुकानदार वसंतात तळ्यावर चाचणीचे दिवस ठेवतात. तुमचा स्वतःचा रॉड घेऊन जा, फ्लायचा गळ कापून तिथे नुसता लोकरीचा तुकडा बांधा. होडीत उभे राहा, चाळीस फूट लाइन हवेत ठेवा आणि मागे जाणारा लूप, म्हणजे लाइनचं वळण, पाहायला मान पूर्ण मागे वळवा. मान वळलेली असताना पाय कुठे आहेत याचा विचार मनात आला, तर ती होडी तिथेच सोडा आणि पुढची मागा. त्यानंतर ती एकट्याने उचलून तुमच्याच गाडीवर चढवून बघा. आधी पुढचं टोक मागच्या काचेच्या वरच्या रॅकवर टेकवायचं, मग मागून ढकलायचं, म्हणजे एका वेळी अर्धंच वजन उचलावं लागतं. हे दुकानदारासमोर करायला लाजू नका. आणि सप्टेंबरच्या शेवटी, उन्हाळा उतरला की मला कळवा, कुठली घेतलीत.